मुक्काम आधी, वाट मग

सह्याद्रीत फिरणारे आधी किल्ला ठरवतात. किल्ला ठरला की वाट ठरते, वर एखादं देऊळ किंवा गुहा असते, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते आणि रात्रीचा प्रश्न आपसूक सुटतो. आमच्या सातपुड्यात, म्हणजे मेळघाटाच्या डोंगरात, हा क्रम उलटा करावा लागतो. रात्री पाठ कुठं टेकायची याचं पक्कं उत्तर मिळाल्याशिवाय इथं पुढचं काहीच ठरवू नये. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणांनी पायथ्यापासून पठारावर चालत जायचं, एका कोरकू आदिवासींच्या गावात रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी गाविलगड पाहून खाली यायचं असा बेत केला. तो कसा जमत गेला ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या विदर्भातल्या डोंगरांसाठी असं काही लिहिलेलं मला शोधूनही फारसं सापडलं नव्हतं.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावात शाळेवर आहे. घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो आणि दर पावसाळ्यात मित्रांसोबत सह्याद्रीतले किल्ले पालथे घालतो. त्यानं बेत व्हॉट्सॲपवर पाठवला: शुक्रवारी रात्री निघायचं, बॅटरीच्या उजेडात चढायचं, वर तंबू ठोकायचे, शेकोटी करायची, सूर्योदय पाहून उतरायचं. पोरगं उत्साही आहे आणि पाय दणकट आहेत. पण त्या यादीतली एकही गोष्ट आमच्या डोंगरात चालणारी नव्हती. रात्री चालणं नाही, उघड्यावर झोपणं नाही, जंगलात आग नाही. मी त्याला फोन केला आणि म्हटलं, तू सुट्टी कधी मिळते तेवढं सांग, बाकीचं मी बघतो.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प हा १९७३-७४ साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभा क्षेत्रात पायी हिंडायला परवानगी नाही. तिथं ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या वेळी, गाडीतूनच जायचं. त्याच्या बाहेर बफर आहे, त्याच्या बाहेर प्रादेशिक वनविभागाचं राखीव जंगल आहे आणि काही ठिकाणी ग्रामसभेच्या ताब्यातलं जंगल आहे. मोबाइलच्या नकाशात हे सगळं एकाच हिरव्या रंगात दिसतं. हद्द बघायची तर वनखात्याच्या माणसाकडेच जावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, आणि हे मला मनापासून पटतं. चहूबाजूंनी शेतं, रस्ते, वस्त्या वाढत असताना वाघाला, अस्वलाला, रानकुत्र्यांना माणसाचा वास न येणारा थोडा तुकडा राहिला आहे. तो आपल्या हौसेसाठी मागू नये. त्याच्या बाहेरही चालायला डोंगर पुष्कळ आहे.

मग मुक्काम शोधायला लागलो. सेमाडोह, कोलकासची विश्रामगृहं सुंदर आहेत, पण तिथं पायी पोचता येत नाही. चिखलदऱ्यात हॉटेलं आहेत, पण डांबरी रस्त्यानं जाऊन हॉटेलात झोपायचं तर चालण्याला अर्थ नाही. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढता येते. तो अनुभव वेगळाच, पण त्यात बसायचं असतं, चालायचं नसतं. राहिलं एकच: पठारावरचं एखादं गाव.

आईनं हा सगळा खटाटोप बघून विचारलं, "डोंगरात झोपाले घर नाही काय तुमाले?" पण मग तीच तिच्या वडलांची गोष्ट सांगू लागली. आजोबा महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीजवळच्या चौरागडला पायी जात. सोबत गावाचा पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा असे. ज्यांना तेवढं लांब जमत नसे ते सालबर्डीच्या महादेवाला जात. आई म्हणाली, "त्याईचे मुक्काम ठरेल राहत. आज या गावच्या आंब्याखाली, उद्या त्या पाटलाच्या वाड्यात. पानी कुठं, सैपाक कुठं, समदं आंधीच ठरेल." माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते तिनं दोन वाक्यांत मांडलं होतं. पिढ्यान् पिढ्या सातपुडा चालणाऱ्या माणसांनी मुक्काम नशिबावर सोडला नव्हता.

माझ्याकडे पूर्वी शिकलेला एक कोरकू मुलगा आता परतवाड्यात काम करतो. त्याचं गाव पठाराच्या कडेला आहे. तिथले लोक पूर्वी बाजाराला डोंगर उतरून पायीच येत आणि ती पायवाट अजून मोडलेली नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण एका वेळी दहाच्या वर माणसं नकोत असं गावानं स्पष्ट सांगितलं आहे आणि ते बरोबर आहे. एका रविवारी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून मी घाटरस्त्यानं त्याच्या घरी गेलो. ही फेरी फार मोलाची ठरली. फोनवर "या ना सर, काही अडचण नाही" एवढंच ऐकू येतं. समोर बसलं की अडचणी दिसतात.

गाव म्हणजे समोरासमोर दोन ओळींत घरं, मधे रुंद मोकळी जागा, कुडाच्या भिंती मातीनं सारवलेल्या. मुलाचे वडील, त्यांना सगळे बा म्हणतात, ओट्यावर बसले होते. त्यांच्याशी बोलताना मी वहीत एकेक लिहून घेतलं. सात जणांना खाटा किती? चार घरच्या, तीन शेजाऱ्यांकडून. जमिनीवर कुणी झोपायचं नाही हा माझा आग्रह होता, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, सूज येत नाही. खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं तो धोका जवळजवळ संपतो. पिण्याचं पाणी गावच्या हातपंपाचं. संडास शाळेचा, किल्ली शिक्षकांकडे, ते शनिवारी गावी जातात, म्हणजे शुक्रवारीच मागून ठेवायची. आजारी पडलं तर गावात एकाकडे जीप आहे. मोबाइलची रेंज फक्त देवीच्या चौथऱ्यापाशी मिळते.

पैशांचं बोलणं अवघड गेलं. बा काही केल्या आकडा सांगेनात. "पाव्हन्याकडून पैसे घ्यायचे काय?" शेवटी गावच्या आडा पटलाला, म्हणजे मुखियाला, आणि महिला बचत गटाच्या बायांना बसवलं. त्यांच्याशी ताटाचा, खाटेचा आणि वाटाड्याच्या दिवसाचा दर ठरवला आणि तो सगळ्यांसमोर कागदावर लिहिला. आतिथ्याच्या नावाखाली गरीब घरावर सात माणसांचा भार टाकणं मला अजिबात मान्य नाही. बा वाटाड्या म्हणून स्वतः खाली उतरून येणार आणि आम्हाला वर घेऊन जाणार असं ठरलं.

मुक्काम पक्का झाल्यावर तारीख. आमच्याकडे तारीख पंचांग, पीक आणि जंगल तिघं मिळून ठरवतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण नाले अचानक भरतात, पायवाट शेवाळते आणि विजा पडतात. आश्विनात सोयाबीन निघत असतं, गावात कुणाला फुरसत नसते, आणि गवत छातीएवढं असतं. त्या गवतात चिगर माइट नावाचा अगदी बारीक किडा असतो, त्यानं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. फेब्रुवारीपासून साग पानं झाडतो, सावली उरत नाही, झरे आटतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. त्यातच मार्च-एप्रिलला मोह पडतो आणि अस्वलं पहाटे मोहाखाली येतात, त्याच वेळी मोह वेचणारी माणसंही येतात. मेळघाटात अस्वलानं जखमी केल्याच्या बातम्या कानावर येतात त्यातल्या कितीतरी अशाच असतात. राहिला मार्गशीर्ष-पौष. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली, तूर अजून उभी, गवत वाळून बसलेलं, नाल्यात थोडं पाणी शिल्लक. डिसेंबरचा दुसरा शनिवार धरला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात चिखलदऱ्याला गाड्यांची रांग लागते, ती मुद्दाम टाळली.

अर्ज मी हातानं लिहिला: सातही जणांची नावं, वयं, फोन, आधारची प्रत, कुठून चढणार, कुठं राहणार, कधी उतरणार. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर आमची वाट बोटानं फिरवून बघितली. ती एका नाल्याच्या कडेनं वर जात होती. ते म्हणाले, "नाला सोडा. तिथं पिलांसोबत अस्वल आहे, आमच्या गार्डनं दोनदा पाहिलं. डोंगराच्या धारेनं जा. चढ जास्त आहे, पण समोरचं दिसतं." अटी अशा: स्थानिक वाटाड्या सोबत हवा, सकाळी आठच्या आधी चढायचं नाही, चारच्या आत गावात पोचायचं, जंगलात आग, विडी-सिगारेट काही नाही, खाली उतरल्यावर बीटच्या वनरक्षकाला फोन करायचा. पायथ्याचा काही भाग ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काखाली येतो, म्हणून तिथल्या समितीच्या अध्यक्षांनाही भेटलो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेला हा अधिकार आमच्या तालुक्यातल्या काही गावांनी फार चांगला वापरला आहे. पायविहीर गावानं उजाड टेकड्यांवर जंगल उभं केलं आणि त्या जंगलातली सीताफळं गाव स्वतः विकतं. अशा गावच्या रानातून जाताना विचारून जाणं हा साधा शिष्टाचार आहे.

वाट नाल्यावरून धारेवर गेली आणि सगळं गणित बदललं. नाल्याच्या वाटेवर दोन ठिकाणी पाणी होतं; धारेवर एक थेंब नाही. माणशी दोन लिटर धरलं होतं ते चार केलं. म्हणजे पाठीवर चार किलो नुसतं पाणी. म्हणून तंबू, चटया, भांडी सगळं यादीतून काढून टाकलं. त्यांची गरजही नव्हती, कारण मुक्काम ठरलेला होता.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज मॅप उपयोगी पडले. ते त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. १:५०,००० प्रमाणावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्चरेषांमधे, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांमधे, वीस मीटरची उंची. भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर रेषा मोजायला लावलं. धारेवर तेहतीस भरल्या, म्हणजे सहाशे साठ मीटर चढ. अंतर दोऱ्यानं मोजलं, अकरा किलोमीटर. वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे, १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं दिलेला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्यानं सव्वातीन तास येतात. पण तो ओझं नसलेल्या, दमदार माणसाचा हिशेब. आमच्यात माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस, तूर सोडून आलेला शेजारी आणि संगणकापुढे बसणारी पोरं होती. मी दीडपट केली, वर विश्रांतीचा एक तास टाकला. सहा तास. आठला निघून दोनला. चारच्या मर्यादेआधी दोन तास हाताशी राहत होते, आणि ते असायलाच हवे होते, कारण डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो आणि दरीत त्याच्याही आधी काळोख उतरतो. शिवाय एक नियम केला: बारा वाजेपर्यंत खिंडीतल्या मोठ्या सालईच्या झाडापाशी पोचलो नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं. कुणी वाद घालायचा नाही.

बाकी तयारी थोडक्यात. बूट जुने, पायात मुरलेले. मधल्या खाण्याला दशम्या, तिळाची चटणी, फल्लीदाणे आणि गूळ. मीठ-साखरेच्या पुड्या. प्रत्येकाकडे शिटी. काठी आणि काठीला बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू. गुडघ्याखाली बांधायला जुन्या जीन्सचे कापलेले पाय. साप चावला तर काय करायचं ते सगळ्यांना तोंडपाठ करून घेतलं: चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. वरच्या अंगाला असलो तर चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, खालच्या अंगाला असलो तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. दोन्हीकडचे फोन नंबर आधीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात दिले, कारण मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही.

बा आदल्या संध्याकाळीच खाली आले आणि आमच्या घरी मुक्कामाला राहिले. सकाळी निघताना त्यांनी सगळ्यांना उभं करून एकच गोष्ट सांगितली, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत: "बोलत चला. चुपचाप नको. अस्वलाले दूरचं दिसत नाही, कानानं बी कमी. एकदम समोर आलं तर घाबरते, अन् घाबरलं का मारते." भाच्याच्या मित्रांना जंगलात शांत चालायची सवय होती, तसंच त्यांना शिकवलेलं होतं. इथं मात्र वळण आलं की बा काठी आपटायचे, मोठ्यानं हाळी द्यायचे आणि मग पुढे व्हायचे. बोरीची झुडपं आली की ते वाट सोडून वळसा घालायचे. बोरं पिकली होती आणि अस्वलाला बोरं आवडतात. एका ठिकाणी वारूळ पुढून फोडलेलं होतं, माती अजून ओली होती. बांनी वाकून माती बोटांत चुरली आणि म्हणाले, "रातचं." त्यानंतर कुणाला बोला म्हणून सांगावं लागलं नाही.

धारेवरून खरंच समोरचं दिसत होतं. डावीकडे उतारावर साग, त्याची पानं करपून लोंबलेली, मधे धावड्याची गोरी खोडं, वर गेलं तसे सालईचे हात पसरलेले. मागे वळलं की वऱ्हाडचं सपाट रान, कापसाचे पांढरे ठिपके, तुरीचा पिवळा पट्टा. साडेअकराला सालईपाशी पोचलो. तिथं माणशी पाणी मोजलं: दीड लिटर उरलं होतं. ठीक होतं.

कुसळांनी मात्र सगळ्यांना रडवलं. वाळलेल्या गवताचं ते बी एका टोकाला सुईसारखं असतं आणि दुसऱ्या टोकाला लांब पीळदार शेपूट असते. ओल मिळाली की पीळ उलगडतो आणि बी आत आत फिरत जातं. घामानं मोजा ओला झाला की तेच होतं. ज्यांनी जीन्सचे पाय नीट बांधले होते त्यांचं निभावलं. एका मित्रानं मधेच काढून पिशवीत टाकले होते. गावात पोचल्यावर त्याचा मोजा बघून बांची नात त्याच्यासमोर बसली आणि नखांनी एकेक कुसळ उपसू लागली. पोरगी सात-आठ वर्षांची, पण हात कसा सराईत: शेपूट धरून ओढायचं नाही, ती तुटते, बी चिमटीत पकडायचं आणि आलं त्याच दिशेनं मागे काढायचं. तिच्या पुढ्यात कुसळांची ढिगोळी झाली, ती तिनं ओंजळीत भरून चुलीत टाकली, म्हणजे अंगणात पुन्हा कुणाच्या पायात जाऊ नयेत.

आम्ही अडीचला पोचलो होतो. हातपंपावर पाय धुतले. बायांनी मक्याच्या भाकरी, आंबाडीची भाजी आणि कुटकीचा भात केला. कुटकी आमच्याकडे खालच्या गावांत आता कुणी पेरत नाही. तिचा दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, शिजल्यावर मऊ होतो पण चिकटत नाही. बांच्या सुनेनं ती सुपात पाखडून, पाण्यात तीनदा हलवून, खाली बसलेला खडा वेगळा करून घेतली. पाण्यात हात असा फिरवायची की दाणा भांड्याबाहेर पडायचा आणि खडा तळाला राहायचा. मी रोडग्यांचा शिधा नेला होता. गोवऱ्यांचा आर त्यांच्याच अंगणात केला, त्यावर कणकेचे गोळे भाजले आणि वांग्याची झणझणीत भाजी. भाच्याला शेकोटी हवी होती ती अशी मिळाली, गावाच्या अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि झोपण्याआधी राखेवर पाणी मारून.

थंडी चांगलीच होती. अकराच्या सुमाराला दरीतून भेकराचं भुंकणं ऐकू आलं, थांबून थांबून, बराच वेळ. मग गावातली कुत्री एकदम सुरू झाली. भाचा उठून बसला आणि बॅटरी घेऊन चौथऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. बा पलीकडच्या खाटेवरून न उठताच बोलले, "भाऊ, रात त्याईची हाय. दिवस आपला." भाचा परत आडवा झाला. मी बराच वेळ जागा होतो. तंबूत असतो तर त्या आवाजानं आम्हा सातांपैकी एकालाही झोप लागली नसती. मातीच्या भिंतीआड, खाटेवर, खोचलेल्या मच्छरदाणीत पोरं पहाटेपर्यंत गाढ झोपली.

सकाळी जीपनं चिखलदरा आणि तिथून गाविलगड. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहानं हा किल्ला बांधवून घेतला असं सांगतात. शार्दूल दरवाजा, आतले तलाव, तटावरून दिसणाऱ्या दऱ्या, सगळं पाहण्यासारखं आहे आणि अर्ध्या दिवसात आटोपत नाही. पण पोरांना मी उत्तरेच्या तटाशी उभं करून १८०३ सालच्या डिसेंबरची हकिकत सांगितली, कारण आम्हीही डिसेंबरातच तिथं उभे होतो. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरल्यावर नागपूरच्या भोसल्यांचं सैन्य या किल्ल्यावर आलं. दक्षिणेचा कडा सरळसोट, तिकडून चढणं अशक्य. म्हणून इंग्रजांनी आपल्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला डोंगर वळसा घालून उत्तरेला धाडलं. तोफा ओढायला रस्ता नव्हता, तो जंगल तोडून करावा लागला. त्यात दिवसामागून दिवस गेले. प्रत्यक्ष हल्ला १५ डिसेंबरला झाला आणि किल्ला त्याच दिवशी पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडचा कारभार निजामाकडे गेला. भाच्यानं विचारलं, "मामा, म्हणजे खरी लढाई रस्त्याशीच झाली?" मी हो म्हटलं.

दुपारच्या एसटीनं परतवाड्याला उतरलो. स्टँडवरूनच वनरक्षकाला फोन केला, सगळे सुखरूप खाली आलो म्हणून सांगितलं. त्यांनी वहीत नोंद घेतली. घरी येऊन सगळ्यांचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, आंघोळी केल्या, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे गोचीड किंवा स्क्रब टायफसची काळी खपली आहे का ते बघितलं. पुण्याच्या पोरांना बजावलं की पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना मेळघाटात जाऊन आलो हे आधी सांगायचं. तिकडच्या डॉक्टरांच्या ते पटकन लक्षात येणार नाही. सुदैवानं कुणाला काही झालं नाही.

बचत गटाला ठरल्याप्रमाणे पैसे दिले होते, पण शेजारच्या तीन घरांनी आपल्या खाटा आणि गोधड्या देऊन स्वतः जमिनीवर रात्र काढली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर मी परतवाड्याच्या बाजारातून चार घोंगड्या आणि तीन मच्छरदाण्या घेऊन त्या मुलासोबत वर पाठवल्या. बायांनी आता दराचा कागद नव्यानं लिहायचं ठरवलं आहे: खाटेचा दर वेगळा, पांघरुणाचा वेगळा, आणि पाहुणे सातपेक्षा जास्त असतील तर आठ दिवस आधी निरोप. तो कागद माझ्याकडे आला की शाळेतल्या दोन शिक्षकांना देणार आहे. ते माघात नववीची मुलं घेऊन जायचं म्हणत आहेत, आणि त्यांनी बांना अजून विचारलेलं नाही.